कुळदैवत कुठलं तुमचं?

आमच्या कॉलेजच्या स्टाफच्या ग्रुपवर कुणीतरी एक मेसेज पाठवला होता, घर घेताना मनावरचा ताण कसा कमी करावा म्हणून. बजेट आधी ठरवा. घाई करू नका. घराच्या प्रेमात पडू नका. रोज सकाळी दीर्घ श्वास घ्या. मी तेव्हा बेळगावात घर शोधत होते, म्हणून तो शेवटपर्यंत वाचला आणि मला शिसारी आली. दीर्घ श्वास घेऊन मी काय करणार होते? घर दाखवणारी माणसं आधी माझं गाव विचारत, मग पै-पाव्हणे कुठले ते विचारत, मग मटण-बिटण खाता का विचारत, आणि एवढ्यानंही अंदाज आला नाही तर कुळदैवत विचारत. त्यावर काय करावं ते मेसेजात नव्हतं.

आम्ही बौद्ध. गाव निपाणीजवळचं. आईनं लहानपणी लोकांच्या मळ्यात खुरपलं, लग्न झाल्यावर तंबाखूच्या वखारीत काम केलं आणि त्या कमाईवर मला एम.एस्सी. केलं. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. नवरा बदलीच्या नोकरीत, महिन्यातनं एकदा तोंड दाखवणारा, त्यामुळं घर शोधायचं काम माझ्या गळ्यात. त्याचं आडनाव गावावरनं पडलेलं. ऐकून काही कळत नाही. कळत नाही म्हणूनच लोकांची जीभ वळवळते.

घर हवं होतं ते आईसाठी. आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो आणि आईचे गुडघे पार गेले होते. दवाखान्याला जायचं असलं तरच ती जिना उतरायची, तोही बसत बसत, एकेक पायरी. उरलेले दिवस गॅलरीत खुर्चीवर. जन्मभर बायकांच्या घोळक्यात बसून बोलत काम केलेली बाई, आता खालून जाणाऱ्या भाजीवालीला हाक मारायची आणि भाजी न घेताच गप्पा मारायची. मला तळमजल्याचं, दार उघडलं की जमिनीला पाय लागेल असं घर पाहिजे होतं. बाकी काही नको होतं.

तर प्रश्न. मराठी माणूस विचारायचा, "पाव्हणं कुठलं म्हणायचं?" कानडी माणूस विचारायचा, "नीवु याव मंदि?", म्हणजे तुम्ही कुठले लोक. कुठलं गाव कुठल्या राज्यात जावं यावरनं एकमेकांची डोकी फोडायला निघणारी ही माणसं, पण या एका प्रश्नावर त्यांच्यात काडीचा वाद नाही. मी खरं सांगायचे. मग घराची किल्लीच सापडायची नाही, नाहीतर भावाला विचारायचं राहिलेलं असायचं. तोंडावर नाही म्हणणारा एकही भेटला नाही. सगळे गोड. त्या गोडीची मला इतकी किळस आली की पुढं पुढं कुणी 'या, बसा, चहा घ्या' म्हटलं तरी मी उभ्याउभ्याच बोलायचे.

शेवटी खडेबाजारात साड्यांच्या दुकानावर ऑफिस असलेला एक एजंट गाठला. तोंडात कायम मावा, खिडकीतनं खालच्या बोळात पिचकारी. त्यानं मला काही विचारलं नाही. एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्याला कळलं. पहिल्यांदा त्यानं जांबोटीच्या रस्त्याला एक प्लॉट दाखवतो म्हणून सांगितलं. दिवसातनं एखादी एसटी जाणाऱ्या त्या रानात गुडघे गेलेल्या आईला घेऊन मी काय करू, म्हटल्यावर हसला. "टेन्शन घेऊ नका, आक्का. घर मिळतंय. फकस्त आपणहून काय बोलायचं न्हाय. विचारलं तर निपाणीकडचं म्हणायचं आणि गप बसायचं." वर म्हणाला, गृहप्रवेशाला वास्तुशांत करणार म्हणून सांगा, निम्मं काम तिथंच होतं. ही त्याची ताण कमी करायची रीत.

शहापूरच्या पलीकडं एका कॉलनीत त्यानं घर दाखवलं आणि मेसेजात नको म्हटलेलं तेच झालं, मी त्या घराच्या प्रेमात पडले. बैठं घर, दारात एकही पायरी नाही, मागं परसात जास्वंद, नळ आणि धुण्याचा दगड. मालक रिटायर झालेले, बायकोला घेऊन पुण्याला मुलाकडं जाणार होते. समोरच्या घरातल्या बायका दारात बसून लसूण सोलत होत्या. आई इथं बसेल, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. त्या दिवशी मालकांनी गाव विचारलं, मी निपाणीकडचं म्हटलं आणि गप बसले. त्यांनी पुढच्या रविवारी आईला घेऊन या म्हणून सांगितलं. वाटेत मी आईला सगळं समजावलं आणि तू काही बोलू नकोस म्हटलं.

आईला घर आवडलं. भिंतीवरनं हात फिरवत ती सगळ्या खोल्या हिंडली आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसली. मालकांची बायको तिच्याशी आक्का आक्का करून बोलत होती. पोरं किती, गुडघ्याला काय लावता, असं चाललेलं. आणि मालकांनी अगदी सहज, वेळ काय झाली विचारावं तसं विचारलं, "मग आक्का, कुळदैवत कुठलं तुमचं?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "जोतिबा."

आई नवी नवरी असताना आमच्या वाड्यानं बौद्ध धर्म घेऊन देव सोडले होते. तेव्हा घरातले देवांचे टाक टोपलीत घालून, नदीत सोडायला सासऱ्याच्या मागनं वेदगंगेपर्यंत चालत गेलेली बाई ही. ते सांगताना आजही तिची मान ताठ होते. मी लहानपणी मैत्रिणीच्या नादानं देवळातला अंगारा लावून आले तर तिनं पदरानं माझं कपाळ पुसून काढलं होतं. आणि ती आता या परक्या माणसाच्या तोंडाकडं बघत जोतिबा म्हणाली, एवढ्याशा आवाजात, माझ्याकडं न बघता. मालक खूश झाले. आमचा पण जोतिबाच म्हणाले, दर साली डोंगरावर चालत खेटे घालतो म्हणाले. कोपऱ्यात एजंट मावा चघळत मान डोलवत होता. त्याच्या त्या डोलणाऱ्या मानेकडं बघून मला उठून जावंसं वाटलं. पण आईनं एवढी किंमत मोजली होती, आता उठून ती वाया कशी घालवायची, म्हणून बसून राहिले.

चहा आला, नक्षीच्या कपातनं. चहा झाल्यावर मालकांनी व्यवहाराचं बोलणं काढलं, चांगला दिवस बघून विसार घेऊ म्हणाले. त्यांची बायको मला लावायला कुंकवाची डबी घेऊन आतनं आली. तेवढ्यात आई आपला कप घेऊन उठली, गुडघ्यावर हात देत परसात गेली, नळाखाली कप विसळला आणि धुण्याच्या दगडावर, अगदी कडेला, पालथा ठेवला.

खुरपायला जायची त्या मळ्यांवर आईसाठी कप वेगळा असायचा, गोठ्याच्या वळचणीला. पिऊन झालं की स्वतः धुवायचा आणि पालथा ठेवायचा. हे मला तिनंच सांगितलेलं. मालकांची बायको मागच्या दारात उभी होती. "राहू द्या की आक्का," असं ती म्हणायला गेली आणि निम्म्यात थांबली. कपाकडं बघितलं, मग आईकडं. तिच्याही माहेरी तसा एक कप असणार, त्याशिवाय इतक्या लवकर कळत नाही. माझ्यासाठी आणलेली डबी तिनं उघडलीच नाही. आम्ही निघालो तेव्हा ती आतच होती.

दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. मालकांचा मुलगा आता विकायला नको म्हणतोय म्हणाला. "टेन्शन घेऊ नका, आक्का. तुमच्याच लोकांची एक लाईन हाय, तिथलं एक बघूया. तिथं कोण काय विचारत न्हाय." त्याच्या आवाजात खरोखरची काळजी होती, त्याचीच मला जास्त घाण वाटली. मी फोन ठेवला आणि बेसिनवर जाऊन चूळ भरली.

आई गॅलरीत वाटच बघत होती. मुलगा नको म्हणतोय, एवढंच मी सांगितलं. तिला पटलं नाही.

"जोतिबा म्हटलं की गं मी," ती म्हणाली. "मग आणि काय ऱ्हायलं?"

मला गप बसता आलं असतं. पण कालपासनं मनात धरलेलं बाहेर पडलंच. "कप कशाला धुतलास, आई?"

"कसला कप?"

"त्यांच्या परसात. विसळून पालथा ठेवलास न्हवं?"

तिनं स्वतःच्या हातांकडं बघितलं, उलटे केले, सुलटे केले.

"मी? मी कवा धुतला गं?"

आणि या खेपेला ती खोटं बोलत नव्हती.