नंदीला पंचवीसपैकी चौदा

सौंसरच्या प्राथमिक शाळेत सदतीस वर्षं शिकवून उर्मिलाबाई रेवतकर निवृत्त झाल्या, तेव्हा सत्कारात त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याच्याकडे आता वेळच वेळ आहे त्याला घड्याळ कशासाठी देतात, हे अशा प्रसंगी कोणी विचारत नाही. बाईंनी ते भिंतीवर लावलं, आठ दिवस त्याच्याकडे पाहिलं, आणि नवव्या दिवशी ब्लॉग सुरू केला.

विषय शोधावा लागला नाही. तो त्यांच्या फोनमध्येच होता: दोनशे बारा बैल, सगळे लाकडी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे तान्हा पोळा भरतो. खरे बैल आदल्या दिवशी मिरवून गोठ्यात गेलेले असतात. आता लहान मुलं आपापल्या घरचे लाकडी नंदी, खाली चाकं लावलेले, दोरीनं ओढत चौकात आणतात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात आणि पलीकडच्या सावरगावात लोक जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांवर दगड भिरकावतात. परंपरा दोन्हीकडे सारख्याच निष्ठेनं जपतात. सौंसरात टाके कमी घालावे लागतात, एवढाच फरक. सौंसरच्या तान्ह्या पोळ्यात उर्मिलाबाई सहा वर्षं परीक्षक होत्या. मंडपात खुर्ची मांडलेली असे, समोरून नंदी जात, बाई प्रत्येकाचा फोटो काढत आणि वहीत गुण लिहीत. शिंगं पाच, वशिंड पाच, डोळे पाच, पाय पाच, चाकं पाच.

ब्लॉगचं नाव त्यांनी ‘लाकडी बैल’ ठेवलं. ब्लॉग कसा वाढवावा हे सांगणारे व्हिडिओ त्यांनी वहीत टिपणं काढत पाहिले होते. विषय अरुंद ठेवा, त्यातला गृहस्थ सांगत होता. याहून अरुंद विषय मध्य प्रदेशात सापडला नसता.

पण खरं कारण टीव्हीच्या वरच्या फळीवर होतं. रेवतकरांच्या घरचा नंदी सागवानी, वीतभर उंच, डौलदार. बाईंचे यजमान हेमंतराव आठ वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी तो पांढुर्ण्याच्या बाजारातून पिशवीत घालून एसटीनं आणला होता. गेल्या पोळ्यापासून त्याचं डावं शिंग खुळखुळायला लागलं. तीन सुतारांना दाखवून झालं. तिघांनी नंदी उलटासुलटा केला, शिंगाला जोड कुठून दिलाय ते शोधलं, आणि तिघंही एकाच मुक्कामाला पोचले: कापावं लागेल.

“ज्यानं घडवला त्यालेच मालूम, हे शिंग कुठून बसलं,” तिसरा सुतार म्हणाला. “माह्या बापालेही समजलं नसतं.”

कापायला हेमंतरावांनी नाही म्हटलं. ते वन खात्यातून निवृत्त झालेले, म्हणजे नोकरीत झाडं कापू न देण्याचा पगार घेतलेला. पण या वेळी त्यांचा आवाज जरा चिरकला होता. तो बाईंनी ऐकला. म्हणून ब्लॉगच्या माथ्यावर त्यांनी नंदीचा फोटो टाकून खाली लिहिलं: ‘आमचा हा नंदी कोणी घडवला? त्याचं शिंग कसं बसवलंय? माहीत असणाऱ्यानं पुढच्या पोळ्याआधी कळवावं.’ परीक्षेच्या वेळापत्रकाखाली सूचना लिहावी, तसं.

पहिल्या आठवड्यात ब्लॉग अकरा वेळा उघडला गेला.

“अकरा!” बाई म्हणाल्या.

“अवं, त्यातल्या नऊ खेपा तर तूच उघडून पाहून राहिली,” हेमंतराव वर्तमानपत्रामागून म्हणाले.

“अन् दोन?”

“दोन मी. नंदी बरा दिसते का ते पाहाले.”

परक्या माणसाची पहिली प्रतिक्रिया यायला सव्वा महिना लागला. जामसांवलीच्या हनुमानाला आलेल्या एका कुटुंबाकडे बाईंना जुना नंदी दिसला होता, त्यावर त्यांनी तीन पानं लिहिली होती. त्याखाली कोणीतरी विचारलं: ‘जामसांवलीले जायले सौंसरहून बस किती वाजता आहे?’ बाईंनी बसस्टँडवर जाऊन चौकशी केली आणि वेळा लिहिल्या. आजही त्या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान तेच आहे, आणि ते नंदीसाठी वाचतात असं समजण्याइतक्या बाई भोळ्या नाहीत.

मग मार्चमध्ये त्यांनी चूक केली. सदतीस वर्षांच्या मास्तरकीनंतरच करता येईल, अशी ती होती. फोटो होते, वहीतले गुण होते. दोन्ही शेजारी शेजारी ठेवावेत हे त्यांना इतकं साहजिक वाटलं की त्यावर विचार करावा असं काही दिसलंच नाही. दर सोमवारी दहा नंदी, मालकाच्या नावासकट, गुणांसकट. कुठं शेरासुद्धा: ‘पाय बरे. चाकांकडे लक्ष द्यावे.’

ब्लॉग वाढला. चारशे, मग नऊशे, मग एका सोमवारी दोन हजार. भाऊ भावाचे गुण पाहायला येई, सासर माहेरचे. किराणा दुकानात एका बाईनं दुसरीला “तुमच्याचले तर अकराच हायेत म्हणे” असं ऐकवलं आणि दोघींचं बोलणं बंद झालं. व्हिडिओतल्या गृहस्थानं सांगितलेलं सगळं खरं ठरत होतं. फक्त याची पुढची पायरी त्यानं सांगितली नव्हती. ती अशी की लोकांनी दारं लावून घेतली. बाई फोन घेऊन गल्लीत दिसल्या की नंदी कपाटात जाई. तान्हा पोळा समितीचे राजूभाऊ भर दुपारी येऊन, चहा घेऊन, चष्मा पुसून म्हणाले, “म्याडम, औंदा तुमी आराम करा. परीक्षक दुसरे पाहून राहिलो आमी.”

वाचक होते, नंदी संपले होते. आणि ज्या कोणाच्या घरात त्या शिंगाचं उत्तर असेल, तो आता दार उघडणार नव्हता. पोळा तीन आठवड्यांवर आला. फळीवरचा नंदी पुसायला उचलला की खुळखुळ वाजे, आणि हेमंतराव दुसऱ्या खोलीत जात.

अशात एका सकाळी फाटकाशी एक जुनी मोपेड थांबली. वरून पंच्याहत्तरीचा, वाळक्या शेंगेसारखा एक माणूस उतरला. हातात खताचं जुनं पोतं, त्यात काहीतरी टोकदार.

“मास्तरीणबाई इथंच राह्यते का?”

“हो, मीच. आपण?”

“बोरगावचा नत्थू ढोके.” बाईंच्या चेहऱ्यावर ओळख दिसेना तेव्हा त्यांनी पुढं सांगितलं, “चौदा मार्कवाला.”

बाईंना खुर्चीत बसावंसं वाटलं आणि उभं राहावंसंही. त्यांनी पाहुण्याला आत घेतलं. नत्थूजींनी पाणी घेतलं, चहाला नाही म्हटलं, आणि पोत्यातून एक नंदी काढून टेबलावर ठेवला.

“माह्या नातीनं, शिवानीनं, नेला होता हा तान्ह्या पोळ्यात. तिनंच मोबाइलवर मार्क दाखवले. मी म्हटलं, चौदा तर चौदा. पण अकरा कुठं कापले, थे सांगा. पेपर पाहाचा हक्क पोरायलेही राह्यते न?”

राहतो. बाईंनी वही काढली. “शिंगं चार. वशिंड चार. पाय तीन. डोळे दोन.”

“दोन काऊन?”

“दोन डोळे सारखे नाहीत, नत्थूजी. हा उजवा अर्धवट झाकल्यासारखा झालाय.”

“झाला नाही. केला. आमच्या धवळ्याचा डोळा तसाच होता. बाभळीचा काटा लागला होता त्याले.” त्यांनी बोटानं तो डोळा पुसला. “पुढं?”

“चाकं एक,” बाई जरा हळू म्हणाल्या. “पुढची लहान, मागची मोठी. नंदी पुढं झुकतो.”

“बंडी चढावर ओढताना बैल काय छाती काढून चालते का म्याडम? मान खाली घालते. आमच्या वावराले चढ आहे. धवळ्या असाच चाले.” मग नंदीची मान बोटानं चाचपत, “तो मेला त्या साली केला हा. सतरा वर्षाचा होतो. पयलाच.”

बाईंनी सहा वर्षं खुर्चीतून नंदी पाहिले होते. खुर्चीची उंची दीड हात, नंदीची वीतभर. वरून पाहिलं की शिंगं आणि वशिंड उत्तम दिसतात. चाल दिसत नाही. त्या खुर्चीवरून उठल्या आणि जमिनीवर बसल्या, टेबलावरचा नंदी खाली घेतला आणि दोरीनं थोडा ओढला. धवळ्या मान खाली घालून, एक डोळा बारीक करून, फरशीवरचा न दिसणारा चढ चढला.

“आता बराबर दिसून राहिला,” नत्थूजी म्हणाले. मग त्यांची नजर टीव्हीच्या वर गेली. “थो तुमचा काय? त्याले किती देले?”

“तेवीस,” बाई म्हणाल्या. घरचा म्हणून दोन कापले होते. पक्षपात दिसू नये.

नत्थूजींनी नंदी खाली घेतला. खुळखुळ वाजलं. आतल्या खोलीत हेमंतरावांचं वर्तमानपत्र थांबलं.

“कान नाही ओढला का कोनी?”

“कान?”

त्यांनी डावा कान दोन बोटांत धरून सरळ बाहेर ओढला. कान निघाला, मागं लांब, निमुळती लाकडी पाचर होती त्याला. ती निघताच डावं शिंग अलगद त्यांच्या हातात आलं. हेमंतराव दारात उभे होते, वर्तमानपत्र हातात तसंच.

“लेकरं सगळ्यात आधी शिंगच तोडते,” नत्थूजी समजावून सांगू लागले. “म्हणून शिंग ढिलं बसवाचं न कानानं आवळाचं. तुटलं तर दुसरं घाला. आता पाचर वाळून बारीक झाली, म्हणून वाजते.”

“म्हणजे हा तुम्ही...?” बाईंनी नंदीकडे बोट केलं.

“मीच त. पांढुर्ण्याले एका मिस्त्रीजवळ शिकून राहिलो होतो. पोळ्याच्या तोंडावर एका हप्त्यात पंचवीस काढले असे. पट्टी ठेवाची, कापाचं. पट्टी ठेवाची, कापाचं.” त्यांनी तेवीस गुणांचा नंदी हातभर लांब धरून पाहिला. “ह्याले कोनता डोळा आहे? कोन्या बैलाचा आहे हा? म्याडम, ह्याले चौदा द्या. जास्तीत जास्त पंधरा.”

“अहो, असं कसं म्हणता!” हेमंतराव पुढं आले. “पंचावन्न वर्षं झाली याला!”

“म्हणून त पंधरा म्हणून राहिलो, भाऊ. नाही त तेरा.”

पुढचा तासभर विळी, बाभळीची एक ढलपी आणि दोन म्हातारे असा गेला. नत्थूजींनी नवी पाचर तासली. हेमंतराव फरशीवर मांडी घालून बसले, दोन्ही हातांनी नंदीचं पोट घट्ट धरून. आठ वर्षांचा मुलगा बैल धरतो तसं, फक्त गुडघे कुरकुरत होते. कान आत गेला, शिंग बसलं. हेमंतरावांनी नंदी कानाशी नेऊन हलवला. काही वाजलं नाही. मग खात्रीसाठी आणखी चारदा हलवला.

“नंतर कधी केले नाहीत?” बाईंनी विचारलं.

“संत्र्याचा बगीचा लावला मग. संत्र्याले रोजचा मानूस लागते. पटाशी कुठं असंन आता, कोन जाने.” पण विळीची धार त्यांनी अंगठ्यानं दोनदा पाहिली होती, आणि ढलपीचा उरलेला तुकडा खिशात टाकला होता.

निघताना बाई म्हणाल्या, “तुमचे चौदा मी खोडते. पंचवीस लिहिते.”

“खोडू नका. मार्क खोडले तर पोरं म्हणते, बाईले भेटून आला.” त्यांनी धवळ्याला पोत्यात ठेवलं. “चौदा राहू द्या. खाली लिहा, काऊन चौदा होते, न काऊन नव्हते.”

बाईंनी त्याच दिवशी लिहिलं. दोन्ही नंदी शेजारी शेजारी, आणि गुणांचे दोन रकाने: परीक्षकाचे आणि घडवणाऱ्याचे. एकीकडे चौदा आणि तेवीस, दुसरीकडे तेवीस आणि पंधरा. स्वतःच्या धवळ्यालाही नत्थूजींनी दोन कापले होते. शेपटी कधी जमलीच नाही म्हणे. खाली बाईंनी कान, पाचर, काटा लागलेला डोळा आणि चढाचं वावर सगळं मांडलं, आणि शेवटी कबूल केलं की परीक्षकानं सहा वर्षं एकदाही जमिनीवर बसून पाहिलं नव्हतं. फोटो अर्थात जमिनीवर बसूनच काढले होते. ब्लॉगच्या माथ्यावरची सूचना काढून त्यांनी तिथं लिहिलं: ‘घडवणारे: नत्थूजी ढोके, बोरगाव.’

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी किराणा दुकानातली, अकरा गुणांवरून बोलणं बंद झालेली बाई पदराखाली काहीतरी घेऊन फाटकाशी आली. “म्याडम, आमच्याचा पाय मोडका काऊन आहे, थे लिहून घेता का? माह्या सासऱ्यानं मुद्दाम केला म्हणते.” तिच्यामागं आणखी दोघं होते. दुसरा रकाना भरायला लोक यायला लागले, आणि त्यात कोणीही आपल्या नंदीला तेवीसच्या खाली गुण दिले नाहीत. बाई ते मान खाली घालून लिहून घेत. परीक्षकाचा रकाना त्या आता रिकामा ठेवतात.

तान्ह्या पोळ्याला परीक्षक दुसरेच होते. उर्मिलाबाई मंडपासमोर सतरंजीवर बसल्या होत्या, बैलांच्या उंचीला. शेजारी हेमंतराव, मांडीवर नंदी. नत्थूजी आले नाहीत. येऊ शकत नाही, काम चालू आहे, असा त्यांचा निरोप शिवानीनं फोनवर दिला. कसलं काम, ते तिनं सांगितलं नाही. मागून लाकूड तासल्याचा आवाज मात्र स्पष्ट येत होता.

त्या रात्री ब्लॉगवर एक नवीन प्रतिक्रिया होती. अनोळखी नाव, छोटासा प्रश्न: ‘आमच्या नंदीचं शिंग वाजून राहिलं. बोरगावले जायले बस किती वाजता आहे?’

सकाळी बाईंनी चप्पल घातली आणि बसस्टँडवर चौकशीला निघाल्या.