नाथाजीची वाटणी

रहिमतपूरच्या नाथाजीसारखी वाटणी कुणाला जमत नाही, असं तो स्वतःच सांगायचा. चार भावांची जमीन त्यानं अशी मोजली होती, की आजतागायत बांधावरून एक शिवी निघाली नव्हती. फौजेतून पेन्शनीवर आल्यावर तो सांगलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर ऑपरेटर झाला. एकोणऐंशी साली तिथं युनिक्स प्रणालीवर चालणारं मशीन आलं. त्याची डिस्क आधीच आखून घ्यायची होती. आखणी मोडायची तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून.

कॉलेजात विभाग चार, प्रमुख चार, आणि चौघांत विळ्याभोपळ्याचं सख्य. नाथाजीनं युनिक्सपुरता तुकडा बाजूला काढला नि उरलेल्या डिस्कचे चार सारखे हिस्से पाडले. चौघेही गप्प बसले. यालाच नाथाजी न्याय म्हणे.

मग मुंबईहून टेपवर आकडेमोडीचं मोठं पॅकेज आलं. ते मशीनवर कंपाइल करून, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवून, शनिवारी पाहुण्यांना चालवून दाखवायचं होतं. नाही जमलं तर मशीन दुसऱ्या कॉलेजात जाणार, आणि मशीनमागून नाथाजीची नोकरी. तीन तास मशीन घरघरायचं आणि शेवटी एकच ओळ छापायचं, जागा संपली. नाथाजी हिस्से तपासायचा, तर प्रत्येकात निम्मी जागा मोकळी. त्याला रडू यायचं तेवढं राहिलं होतं.

गुरुवारी त्याची बायको शालूबाई डबा घेऊन आली. नाथाजीनं वैतागून तिला सगळं रामायण ऐकवलं. कंपाइल करताना मशीन मधल्यामधे ढीगभर कच्चा पसारा काढतं, काम झालं की टाकून देतं. पण तेवढा पसारा मावेल असा एकही हिस्सा नाही. शालूबाईनं भाकरी पुढं केली.

"आवं, समदं वाटलंसा," ती म्हणाली, "मग खळं कुणाला दिलंसा?"

नाथाजीला गावचं खळं आठवलं. खळ्यावर कणसं टाकायची, मळायची, धान्य घरी न्यायचं आणि खळं झाडून पुढच्याला मोकळं करून द्यायचं. ते कुणा एकाचं नसतंच. भावांच्या वाटणीतही खळं सामाईक राहिलं होतं, आणि तेव्हाही ही गोष्ट शालूबाईनंच काढली होती. ते तो सोयीनं विसरला होता.

त्यानं सगळं टेपवर उतरवून घेतलं, डिस्क पुसली आणि चारी हिस्से थोडे थोडे कापून पाचवा सामाईक तुकडा मोकळा ठेवला. चारही प्रमुख पहिल्यांदाच एकत्र आले, ते त्याच्याशी भांडायला.

शनिवारी पॅकेज झकास चाललं. पाहुण्यांनी विचारलं, हा सामाईक तुकडा ठेवायची कल्पना कुणाची? चौघा प्रमुखांनी घसे खाकरले.

बायकोचं नाव नाथाजीनं चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. तरी तो सावधानमध्ये उभा राहिला.

"शालूबाईची, सायेब," तो म्हणाला. "घरची वाटणीबी तिचीच व्हती."