गेरू मिसळलेला हिरवा

सासरे गेले त्या वर्षी दिवाळीनंतर सासूबाईंनी आमच्याकडे सरावलीला कायमचं राहायला यायचं ठरलं. त्यांचं सगळं आयुष्य तलासरीकडच्या पाड्यावर गेलं होतं. कुडाच्या भिंतींचं घर, पुढे सारवलेलं अंगण, मागे भाताचं शेत. तिथे त्यांना एकटं ठेवणं नवऱ्याच्या जिवावर आलं होतं. आमच्या घरात मागची एक खोली होती. तिच्यात जुनी सायकल, चिकूचे क्रेट आणि माझ्या माहेरचं सामान पडलेलं असायचं. ती आवरून, रंगवून आईंना द्यायची, असं आम्ही ठरवलं.

लग्नसराई तोंडावर आलेली, त्यामुळे रंगारी कुठे मिळेना. "रंग लावायला काय लागतं? आपणच लावू," नवरा म्हणाला. तो तारापूरच्या एका कारखान्यात मशिनी दुरुस्त करायचा, त्याला भिंत म्हणजे किरकोळ काम वाटलं. मोबाइलवर त्याने दोन-चार व्हिडिओ पाहिले. त्यांतली माणसं हसत हसत रोलर फिरवत होती आणि बघता बघता खोली चकचकीत होत होती. मलाही खरंच वाटलं ते.

डहाणूला दुकानात जाऊन शेड कार्ड चाळलं. मला एक फिकट हिरवा आवडला, रोपणी झाल्यावर शेत दिसतं तसा. गुजराती दुकानदार म्हणाला, "बेन, आधी छोटा डबा न्या. भिंतीवर लावून बघा, मग मोठा घ्या." आम्ही मोठाच डबा रिक्षात ठेवून घरी आलो.

खोलीच्या भिंतींवर वर्षानुवर्षांचा चुना होता. नवऱ्याने ओल्या फडक्याने त्या पुसल्या आणि लगेच रोलर धरला. प्रायमरचं विचारलं तर म्हणाला, "भिंत पांढरीच तर आहे." न्हाणीघराला लागून असलेली भिंत खालच्या बाजूला ओलसर होती, तिथे आम्ही दोन हात जास्त दिले. ओल झाकली जाईल, असा आमचा हिशोब. संध्याकाळपर्यंत खोली हिरवी झाली. ट्यूबलाइट लावली आणि आम्ही दोघं दारात उभे राहिलो. कार्डावरच्या त्या चौकोनात शेत दिसलं होतं, चार भिंतींवर मात्र सरकारी दवाखाना दिसत होता. "वाळला की बदलेल," नवरा म्हणाला. वाळल्यावर रंग बदलला नाही. न्हाणीच्या बाजूने मात्र तो फुगायला लागला आणि बोट लावलं की पापडासारखा तुकडा हातात यायचा.

अशा अवस्थेत आई आल्या. त्यांचा पुतण्या तलासरीहून जीप घेऊन येणारच होता, तो ठरल्यापेक्षा आधी निघाला. एक पत्र्याची पेटी, गोधड्यांचं गाठोडं आणि तांदळाची गोणी घेऊन त्या उतरल्या. खोलीत डोकावल्या आणि ओटीवर जाऊन बसल्या.

आमच्यात बोलणं तसं कमीच होतं. मी चिंचणीची, मासे वाळवणाऱ्या घरातली. आमच्याकडे सगळे मोठ्याने बोलतात, वारा आणि लाटा असल्यावर बोलावंच लागतं. आईंना माझा आवाज भांडल्यासारखा वाटायचा, हे मला नवऱ्याकडून कळलं होतं. लग्नाला त्या आल्या, पण माझ्या माहेरी त्यानंतर कधी गेल्या नव्हत्या. सासरे गेल्यापासून तर त्या हो किंवा नाही एवढंच बोलत.

दुसऱ्या दिवशी नवरा पहिल्या पाळीला गेला. मी नाक-तोंड बांधलं आणि पत्र्याची पत्ती घेऊन पोपडे खरवडायला बसले. थोड्या वेळाने आई आत आल्या. स्वयंपाकघरातलं उलथणं त्यांच्या हातात होतं. माझ्या शेजारी बसून त्याही खरवडायला लागल्या. रंगाखाली चुना निघाला, चुन्याखाली आणखी चुना, आणि त्याखाली कुणीतरी कधीतरी दिलेली नीळ.

"ही भिंत कुणी रंगवली?" त्यांनी विचारलं.

"आम्हीच, आई."

"दोघांनी मिळून?"

"हो."

"मग एकट्याला दोष नको द्यायला," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खरवडायला लागल्या. माझ्याशी त्या इतकं बोलल्या, हेच मला पुष्कळ वाटलं.

दुपारी मी भाकरी टाकत होते. तेवढ्यात आईंनी आपली पेटी उघडली. घरून आणलेली गेरूची पुडी त्यांनी काढली आणि उरलेल्या हिरव्या रंगात सगळीच्या सगळी ओतली. पाड्यावरच्या घराला त्या दरवर्षी गेरूचा हात द्यायच्या, म्हणून या दवाखान्यालाही थोडी ऊब यावी, असं त्यांना वाटलं असणार. मी खोलीत गेले तेव्हा त्या काठीने डबा ढवळत होत्या. हिरव्यात लाल मिसळून तपकिरी झालं होतं, चिकूच्या सालीचं असतं तसं.

"बाय, हा काय झाला?" त्या डब्यात बघत म्हणाल्या.

मीही डब्यात वाकून बघितलं. मग त्यांनीच ब्रश उचलला आणि समोरच्या भिंतीवर एक लांब पट्टा ओढला. म्हटलं, आता झालंच आहे तर होऊ दे. मी रोलर घेतला. नवरा घरी आला तेव्हा अर्धी भिंत चिकूची आणि बाकीची दवाखान्याची होती. आईंच्या पदराला, कपाळाला, कानाला गेरू लागला होता. तो दारात जेवणाचा डबा हातात धरून उभा राहिला. "आई, हे कुठल्या कार्डावरचं आहे?" त्याने विचारलं.

आई हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. वडील गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली, असं नवरा मला नंतर न्हाणीपाशी हात धुताना म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण रंगाच्या वासाने, असं त्याने सांगितलं.

तो रंग टिकला नाही. टेकून बसलं की पाठीवर यायचा. मग आम्ही घाई सोडली. आधी प्लंबर बोलावून न्हाणीतला गळका पाइप बदलला. थंडीभर खिडक्या उघड्या ठेवून भिंत वाळू दिली. तोवर आई पुढच्या खोलीत आमच्याजवळ झोपायच्या. चुना पार खरवडला, पॉलिश पेपर मारला, धूळ झटकली, प्रायमर दिला. मग छोटे डबे आणून हातभर पट्टे ओढले, आणि ते सकाळी, दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात बघायला आईंना बसवलं. त्यांनी तीन भिंतींना मळकट पांढरा आणि खिडकीच्या भिंतीला गेरूसारखा लालसर निवडला. दोन्ही रंग चांगले बसले. कोपऱ्यात ब्रशच्या रेघा राहिल्या होत्या, त्या कपाटामागे गेल्या.

त्या उन्हाळ्यात माझ्या भावाचं लग्न ठरलं. माझ्या आईचा चिंचणीहून फोन आला, घर घरच्या घरी रंगवायला काढलंय म्हणून. मी फोन स्पीकरवर ठेवून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. सासूबाई पलीकडे बसल्या होत्या. "भिंत खरवडली का विचार," त्या म्हणाल्या. मी विचारलं. माझी आई म्हणाली, "खरवडायची कशाला? वरून मारतो." सासूबाईंनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. "आपण जाऊ," त्या म्हणाल्या.

बसने गेलो. दोघी विहिणी पहिले काही तास एकमेकींशी फार अदबीने बोलत होत्या. मग भिंतीचं निघालं. खाऱ्या वाऱ्याने तिथल्या भिंतींना पांढरी बुरशीसारखी पूड सुटते, ती झाडूने काढावी की धुवून, यावरून दोघींची जुंपली. माझी आई नेहमीच्या आवाजात बोलत होती आणि सासूबाई, ज्यांना आमचा आवाज भांडणाचा वाटायचा, त्याच आवाजात उत्तर देत होत्या. भाऊ बाहेर येऊन मला म्हणाला, "लग्न माझं आहे ना?"

आम्ही मुक्कामाला राहिलो. दुपारी उन्हं उतरली की दोघी हातपाय धुऊन बोंबील वाळवायच्या बांबूंपाशी जाऊन बसायच्या. सासूबाई सासऱ्यांच्या गोष्टी सांगायच्या. पावसात छप्पर शाकारताना ते कसे घसरले आणि वर पुन्हा कसे चढले, वगैरे. त्यातल्या कितीतरी गोष्टी मी तोवर ऐकल्या नव्हत्या. बोंबील हलवत माझी आई हुंकार देत राहायची. मी ओट्यावर ब्रश धूत ऐकत असायचे, आणि पाणी स्वच्छ झालं तरी धूत राहायचे.