गुळगुळीत केलेली भिंत

मी ताईंना नीट ओळखत होतो असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पंपांच्या एकाच कारखान्यात आम्ही एकोणीस वर्षं काढली. त्या कर्मचारी विभागात, मी स्टोअरमध्ये. पण त्यांना भावंडं किती, लग्न का केलं नाही, घरी गेल्यावर त्या काय करत, यातलं मला काही ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही. आता त्या गेल्यावर त्यांच्या भाचीनं ‘काका, तुम्ही दोन शब्द लिहाच’ अशी गळ घातली, म्हणून बसलोय. सामान दिल्याच्या चिठ्ठ्या सोडल्या तर मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही. चूकभूल पोटात घालावी.

कंपनीत तेव्हा एक रीत होती. दर दोन महिन्यांनी एका शनिवारी तीस-चाळीस जणांनी मिळून बाहेर कुठंतरी कामाला जायचं. कधी शाळेचं कुंपण, कधी दवाखान्याची बाग, कधी वाचनालयातल्या पुस्तकांना कव्हरं. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण सगळे ‘ताईंचा शनिवार’ म्हणत. जेवणाच्या सुट्टीत ताई वही घेऊन आल्या की टर्नरांच्या टेबलावरून कुणीतरी हळूच म्हणे, “आली साडेसाती.”

“साडेसाती नाही, साडेसात,” ताई वहीतून मान वर न करता म्हणत. “गेटवर. उशीर केलात तर चालत यावं लागेल.”

ती वही मी एकदा चोरून पाहिली होती. कुणाला काय झेपतं ते त्यात लिहिलेलं. ‘उंचीवर गरगरतं, शिडी नको.’ ‘बोलते फार, म्हाताऱ्यांजवळ बसवावी.’ मोठ्या साहेबांच्या नावापुढे नुसतं ‘बादल्या’. साहेब खरोखरच दिवसभर बादल्या वाहायचे, आणि सोमवारी त्याबद्दल इतरांपेक्षा जास्त बोलायचे. माझ्यापुढे काय लिहिलं होतं ते पाहायच्या आत पावलं वाजली.

त्यांचा एक नियम होता. कामाच्या आठवडाभर आधी स्वतः तिथं जायचं आणि विचारायचं, तुम्हाला काय हवंय. एकदा आमची बाग करायची तयारी झाली होती. ताई जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “त्यांना बाग नकोय. दारांना कड्या नाहीत.” मग चाळीस जणांनी दिवसभर कड्या बसवल्या. आमच्या हिशेबनीसानं बसवलेली कडी उलटी लागली, तिला पुढं कितीतरी वर्षं त्याचंच नाव होतं.

हा नियम एकदाच मोडला. मुख्य कचेरीतून पाहुणे येणार होते, त्यांना काम दाखवायचं म्हणून तारीख दोन आठवडे अलीकडे आली. जागा होती अंध प्रौढांचं वसतिगृह. ताईंना जायला वेळ मिळाला नाही. तिथल्या अधीक्षकबाई नव्याच रुजू झाल्या होत्या. त्या फोनवर म्हणाल्या, पॅसेजची भिंत फार खराब आहे, रंग झाला तर बरं. ताई हो म्हणाल्या.

साठ पावलांचा पॅसेज. भिंत खरंच वाईट होती. खड्डे, भेगा, गंजके खिळे, टवके. राहणाऱ्यांना दोन दिवसांसाठी मागच्या इमारतीत हलवलं होतं. पंपांची ड्रॉइंग काढणारी आमच्या नकाशा विभागातली माणसं आधीच काटेकोर, त्यातून पाहुणे बघतायत. त्यांनी एकूण एक खिळा उपटला, एकूण एक भेग पुट्टीनं भरली आणि घासून भिंत अशी केली की हात ठेवला तर घसरावा. लागेल म्हणून दुप्पट पुट्टी मीच पाठवली होती. संध्याकाळी सगळ्यांनी भिंतीपुढं उभं राहून फोटो काढला. मलाही ओढलं होतं.

सोमवारी सकाळी शिड्या आणि रिकामे डबे आणायला मी टेंपोबरोबर गेलो. ताई आभाराचं पत्र द्यायला आल्या होत्या. राहणारे तेव्हाच परतत होते. पुढं होते खुर्च्या विणणारे आजोबा. सव्वीस वर्षं ते त्या घरात राहत होते, रोज सकाळी खोलीतून कामाच्या खोलीपर्यंत एकटे जायचे, काठीशिवाय. त्यांनी कमरेच्या उंचीवर भिंतीला पंजा टेकवला. दोन पावलं गेले. हात मागं-पुढं फिरवला. मग थांबले.

“हे कुठं आणलंत मला?” ते म्हणाले.

मागं सगळे तसेच उभे राहिले, भिंतीला हात लावून. मला तेव्हा कळलं. ताईंना माझ्या आधी कळलं असावं, कारण त्यांनी पत्र पर्समध्ये परत ठेवलं होतं.

आजोबा त्या दिवसापासून खोलीबाहेर पडेनात. कुणी हाताला धरून नेतो म्हटलं तर म्हणत, “मला न्यायचं असेल तर मेल्यावर न्या.” अर्ध्या विणलेल्या खुर्च्या तिकडे पडून. ताई व्यवस्थापकांकडे गेल्या, पुन्हा माणसं द्या म्हणाल्या. ते म्हणाले, “केलेली भिंत बिघडवायला? फोटो छापून आलाय बाई.” ताई बाहेर आल्या त्या थेट स्टोअरच्या खिडकीशी.

“भाऊ, जुने खिळे आहेत का? वाकडे चालतील.”

मी खोकं पुढं केलं. “मीही येतो,” असं माझ्या तोंडून निघालं. का ते अजून सांगता येत नाही.

मग सुरू झाले आमचे बिनफोटोचे शनिवार. ताई, मी, आणि भिंत सर्वांत छान घासलेला तो नकाशावाला. राहणारे येऊन खुणा सांगत, पण एकाचं दुसऱ्याशी जमेना.

“न्हाणीघराआधी तीन खिळे होते.”

“दोन. तिसऱ्यावर तू टॉवेल अडकवायचास.”

“मग झाले ना तीन?”

ताई आजोबांच्या दाराशी स्टूल घेऊन बसल्या. “तुमच्या खुणा सांगा, तशाच करतो.”

“मोजल्यात कुणी? हाताला ठाऊक होत्या. हाताला विचारा.”

“चूक माझी आहे, आजोबा. मी विचारायला आले नाही.”

“आता विचारून काय उपयोग?”

तीन शनिवार असेच गेले. चौथ्या वेळी ताईंनी आजोबांच्याच वेताच्या पट्ट्या आणल्या आणि दाराबाहेर बसून आपणच विणू लागल्या. प्रत्येक खोलीच्या दाराशी वेगळ्या विणीची पट्टी ठोकायची असं त्यांच्या मनात होतं. हात अगदीच कच्चा. आजोबांनी बसल्या जागेवरून हात लांब करून ती वीण चाचपली आणि तोंड वाकडं केलं.

“हे भिंतीला लावणार? माझ्या भिंतीला?”

“दुसरं येत नाही मला.”

“द्या इकडे.”

त्यांनी ते सगळं उसवलं. त्या दिवसापासून आजोबा विणत आणि आम्ही ठोकत गेलो. न्हाणीघराला आडवी वीण, जेवणघराला चौकट, कामाच्या खोलीला दुहेरी गाठ. सहाव्या शनिवारी ते न सांगता उठले. पंजा पट्टीवर ठेवून निघाले. त्यांच्यामागं ताई, ताईंच्या मागं मी. जेवणघराशी ते थांबले. ताईंचा हात पुढं झाला, पण त्यांनी तो आवरला.

“ही पट्टी बोटभर वर लागलीय,” आजोबा म्हणाले आणि पुढं गेले. कामाच्या खोलीतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, “ती खाली घ्या, भाऊ.”

पुढच्या वर्षी कंपनीनं ‘ताईंचा शनिवार’ भरवायचं काम बाहेरच्या लोकांकडे दिलं. टोप्या आल्या, बॅनर आले. ताई पगारपत्रकांच्या टेबलावर गेल्या, पण शनिवारी वसतिगृहात जायचं त्यांनी सोडलं नाही. झिजलेल्या पट्ट्या बदलायला कुणीतरी लागायचंच. मीही निवृत्त झाल्यावर पुष्कळदा जात असे. आम्ही दिवसभरात दहा वाक्यं बोलत असू. तेवढीसुद्धा आता बोलायला कुणी नाही, हे शनिवारी सकाळी फार जाणवतं.

शेवटचे भेटलो तेव्हा वसतिगृहासमोरच्या थांब्यावर उभे होतो. माझी बस वळणावर दिसली.

“पुढच्या दारानं चढा,” ताई म्हणाल्या. “मागची पायरी उंच असते.”

“आणि तुम्ही?”

“मी जाईन चालत. ऊन उतरलंय.”

“बरं,” मी म्हणालो.