रुमाल टाकलेली खुर्ची

दिगंबर सर गेल्याचं मला एका सकाळी चार जणांनी फोन करून सांगितलं आणि चौघांनीही आधी विचारलं, "मॅडम, बसलेल्या आहात ना?" जणू मीच विधवा होणार होते. मी उभी होते. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, नवरा अंघोळीला गेला होता आणि लातूरहून नांदेडला नोकरीसाठी आल्यावर मला मिळालेला पहिला मित्र हृदयविकारानं गेला होता. मला रडू आलं. पण रडायचीही चोरी. रडावं तर 'बघा, होतंच काहीतरी', आणि न रडावं तर 'काय दगडाची बाई आहे'. गेल्या पाच आठवड्यांत सरांवर जे जे छापून आलं त्यात 'अबोल प्रेम' आलं, 'अखेरपर्यंत एकनिष्ठ' आलं. माझं नाव कुणी घेत नाही, वर्णन मात्र सगळे करतात. म्हणून आता मीच लिहिते.

सर आमच्याच कॉलेजात इतिहास शिकवायचे. लोह्याजवळच्या खेड्यातलं घर, बागायत शेती, बोलणंही तिथलंच. युरोपातल्या सिनेमांचं वेड त्यांना कुठून लागलं कोण जाणे. एका वाचनालयाच्या माडीवर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला ते सिनेमा दाखवायचे. खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, हबीबभाईंनी प्रोजेक्टर मांडायचा, खालच्या हॉटेलातून चहा यायचा. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं भराभर पळायची, ती वाचणं कुणाला जमायचं नाही. मग सरांनी एक रीत काढली. मी इंग्रजीची, म्हणून मी सगळे संवाद आधी वहीत मराठीत उतरवायचे आणि पडद्याशेजारी बसून माइकवर वाचायचे. पुरुषाचे, बाईचे, पाद्र्याचे, सगळे मीच. अंधारात वहीवर बॅटरीचा उजेड धरायला सर स्वतः बसायचे. मी वाचेन तसा उजेड पुढच्या ओळीवर सरकायचा, मला कधी सांगावं लागलं नाही. माझे वडील इथल्या दवाखान्यात दाखल होते तेव्हा आठ दिवस डबाही त्यांनीच पोचवला. हेही लिहायला हवं, नाहीतर मीही इतरांसारखीच अर्धी गोष्ट सांगितल्यासारखं होईल.

'तो' सिनेमा सरांनी पुण्याच्या कुणा मित्राकडून दोन डिस्कवर उतरवून आणला. समुद्राकाठचं गाव. एक माणूस पाठीवर लाकडी कपाट घेऊन रोज एका बाईच्या घराचा जिना चढतो आणि रोज त्या जिन्याला एक पायरी वाढलेली असते. दोरीवर वाळत घातलेले मासे तोंड उघडून प्रार्थना म्हणतात. पहिल्या डिस्कमध्ये बाई दार उघडते, त्याच्याबरोबर नाचते. दुसरीत ती दारात उभी राहून सांगते, "मला यायचं नाही," आणि होडीत बसून निघून जाते. माणूस जिन्यावरच कपाटात शिरतो आणि आतून दार लावून घेतो. पहिल्यांदा दाखवला तेव्हा गडबडीत दुसरी डिस्क आधी लागली. मी पानं उलटत घामाघूम. 'समाप्त' मध्यंतरालाच आलं, चहानंतर कलाकारांची नावं सुरू झाली, आणि एकालाही काही खटकलं नाही! मासे प्रार्थना म्हणत असताना समाप्तीचं काय घेऊन बसायचं... चर्चेत बँकेतून निवृत्त झालेल्या एका मॅनेजरांनी "दिग्दर्शकानं काळालाच उलटं टांगलंय" असं म्हणून टाळ्यासुद्धा घेतल्या. सर आणि मी जिन्यात जाऊन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. "मॅडम, कुणाला सांगू नका," सर म्हणाले, "समदे लई खूश होऊन राहिले." ते हसणं ही माझ्याजवळची त्यांची सगळ्यात चांगली आठवण.

दोन-तीन महिन्यांनी खुर्च्या आवरताना त्यांनी मला लग्नाचं विचारलं. मी नाही म्हणाले, आणि नाही म्हणताना मी अडखळले नाही की डोळे पुसले नाहीत. "सर, तुम्ही मला मित्र म्हणून हवे आहात, नवरा म्हणून नाही. यात बदल होणार नाही." ते म्हणाले, "हाव... कळलं." आता गावानं रचलेली कथा ऐका. सर मराठा बागायतदार, आम्ही लातूरचे बौद्ध, वडील पाटबंधारे खात्यात कारकून. म्हणजे जात आडवी आली, बिचारी घाबरली, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. यात स्वतःला पुरोगामी म्हणवणारे तर जास्तच हळहळतात. अहो, जात आडवी आली असती तर मी भांडले असते, भांडायचं आम्हाला घरातच शिकवलंय. आडवं काहीच आलं नव्हतं. मला ते लग्न नको होतं. बाईच्या नकाराला एवढं कारण का पुरत नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी तोच सिनेमा पुन्हा लावला, आणि पुन्हा दुसरी डिस्क आधी लागली. मी हबीबभाईंवर सगळ्यांसमोर ओरडले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तोवर माझं लग्न ठरलं होतं. शेवट अर्थातच दार उघडल्याचा आणि नाचाचा झाला. दिवे लागले तेव्हा माडीवरची सगळी माणसं पडदा सोडून माझ्याकडे बघत होती. मी वही टेबलावर ठेवली, जिना उतरले, आणि सिनेमा बघणंच सोडलं.

मग अठरा वर्षं हे चाललं. स्टाफरूममध्ये "नमस्कार मॅडम", "नमस्कार सर". वर्षातून एकदा घरी त्याच सिनेमाच्या निमंत्रणाचं कार्ड. आणि माडीवर पहिल्या रांगेत कोपऱ्यातली खुर्ची माझ्यासाठी राखलेली, एसटीत जागा धरतात तसा वर रुमाल टाकलेला. नवीन आलेल्या माणसाला कुणीतरी कुजबुजून सांगायचंच, ती कुणाची खुर्ची ते. मिलिंद, माझा नवरा, एकदा म्हणाला, "जायचं तर जा की. मी काय अडवून राहिलो का?" म्हटलं, मलाच जायचं नाही. "मग कार्ड कामून जपून ठेवतीस?" मला तो सिनेमा बघायचा होता, सरांशी त्यावर वाद घालायचा होता. पण त्या खुर्चीवर बसणं म्हणजे त्यांच्या कथेवर सही करणं होतं.

गेल्या रविवारी त्याच माडीवर शोकसभा झाली. खुर्चीवर रुमाल होता आणि वर झेंडूचा हार. संयोजक म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिथं बसा. सरांची इच्छा होती. मग तुमच्याच आवाजात त्यांचा लाडका सिनेमा." तो हार उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटला. वाचायला मी हो म्हटलं, खुर्चीला नाही, आणि सरळ हबीबभाईंकडे गेले. "आज तरी पहिली डिस्क आधी लावा."

ते आता थकलेत. खाली बघत म्हणाले, "मॅडम, पहिल्या साली चूक माझी. नंतर सर स्वतःच्या हातानं दुसरी पुढं करायचे. मी बोललो बी, सर, उलटं हाय. म्हणले, ऱ्हाऊ द्या हबीबभाई, ती दार उघडती तितंच थांबू."

"आणि मी तुम्हाला चारचौघांत बोलले! सांगायचं नाही का?"

"सरनं हात जोडले होते. दोस्तीत ऐकून घेतलं."

मी त्यांची माफी मागितली. मग मी तिथंच सोडून गेलेली ती जुनी वही उघडली. मी गेल्यानंतर सर याच वहीतून वाचत असत. शेवटच्या पानावर माझ्या अक्षरात माझं वाक्य होतं, आणि मध्ये खूण करून वर त्यांच्या देखण्या अक्षरात एक शब्द घातलेला होता. मला 'आज' यायचं नाही.

आज! अठरा वर्षं हा माणूस माझा नकार दुरुस्त करून गावाला वाचून दाखवत होता, आणि जाब विचारायला गेले तर समोर हार घातलेला फोटो. मेलेल्या माणसावर चिडता येत नाही असं म्हणतात. येतं. फार चिडता येतं.

सिनेमा सरळ लागला. हबीबभाईंनी मोबाइलचा उजेड धरला, तो सारखा दोन ओळी मागे राहायचा आणि दर वेळी मला थांबावं लागायचं. शेवटचं वाक्य मी माझंच वाचलं, 'आज' वगळून. होडी गेली, कपाटाचं दार लागलं, दिवे लागले. कुणी टाळी वाजवली नाही. ते बँक मॅनेजर, आता बरेच म्हातारे, जवळ येऊन म्हणाले, "सर दाखवायचे तो शेवट बरा होता." मी म्हटलं, "तो शेवट नव्हताच."

वही मी घरी आणली. तो शब्द खोडलेला नाही, खोडाखोडीची सवय मला नाही. रोज ते पान उघडते, रोज संताप येतो, आणि वाचताना नजर पुढच्या ओळीवर जाते तेव्हा उजेड सोबत सरकत नाही... दिगंबर सर, अठरा वर्षं तुम्ही माझ्यासाठी खुर्ची राखलीत. त्याऐवजी माझं एक वाक्य राखलं असतं, तर कुठल्याही रविवारी माझी मी येऊन त्या खुर्चीवर बसले असते.