आठ इंचांचा आरसा

"ही काच खोटं बोलत्ये."

कुठलीही काच हातात आली की ती आधी ट्यूबलाइटसमोर धरायची, मान डावीकडे कलती करून एकदा तिरपी बघायची आणि मग हा निकाल द्यायची. काच गिऱ्हाइकाच्या चष्म्याची असो, खलाशाच्या दुर्बिणीची असो, नाहीतर माझ्या पाण्याच्या ग्लासाची. दुकानाचा मालक मी, डोळे तपासणारा मी, भिंतीवर लावलेलं सर्टिफिकेट माझं. पण काच खरी की खोटी हे ठरवायची ती. पंधरा वर्षं तिने माझ्याकडे चष्म्याच्या काचा घासल्या आणि फ्रेममध्ये बसवल्या. त्या पंधरा वर्षांत एकही चष्मा परत आला नाही, असं लिहिणार होतो. दोन आले होते. दोन्ही वेळा नंबर मी चुकीचा काढला होता.

रत्नागिरीत राहणाऱ्यांनी तिला पाहिलं असणार. दुपारी एक वाजला की एक बाई भराभर चालत घरी जायची आणि अर्ध्या तासाने एका उंच, ताठ म्हाताऱ्याचा हात धरून परत यायची. ते तिचे वडील, अप्पा. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर हळूहळू सगळं विसरत गेले. बायको गेल्याचं विसरले, मुलीचं नाव विसरले. एकच गोष्ट राहिली, आपल्याला आंजर्ल्याला जायचंय. आंजर्लं त्यांचं गाव. दार उघडं दिसलं की अप्पा निघालेच. म्हणून सकाळी दुकानात येताना ती घराला बाहेरून कडी लावून यायची.

"कडी लावत्ये ना काका, तेव्हा वाटतं मीच आत राहिल्ये," असं ती एकदा म्हणाली, आणि लगेच कुणाचा चष्मा कधी द्यायचाय ते विचारू लागली.

दुपारी एक ते चार आमचा बाजार बंद. शटर अर्धं खाली ओढलेलं. मागच्या खोलीत तिने वाळूने भरलेला एक पत्र्याचा ड्रम उभा केला होता. मिरकरवाड्यातल्या भंगारवाल्याकडून जुन्या जहाजाच्या गोल खिडक्यांच्या दोन जाड काचा आणल्या होत्या, आठ इंच रुंदीच्या. एक काच ड्रमवर पक्की बसवायची, तिच्यावर खरखरीत पावडर आणि पाणी टाकायचं, आणि दुसरी काच वर ठेवून पुढेमागे घासायची. घासता घासता वरची काच खोलगट होत जाते, खालची फुगीर. तीच वरची काच पुढे दुर्बिणीचा आरसा होते. मोबाईलवर कुणा परदेशी म्हाताऱ्याला तिने हे करताना बघितलं होतं.

"पण कशाला?" मी विचारलं.

"करून बघावंसं वाटलं. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी घासत्येच की."

यात एक नियम असतो. घासणाऱ्याने ड्रमभोवती सावकाश फिरत राहायचं, म्हणजे काच सगळीकडून सारखी झिजते. पहिले दोन दिवस अप्पा खुर्चीत बसून दाराकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी ते उठले आणि तिच्या मागोमाग ड्रमभोवती चालायला लागले. काचांची खर्रखर्र चालू, आणि अप्पांना वाटलं गाडी सुटली.

"पुढे सरका, पुढे सरका. आत जागा आहे."

"सरकत्ये हो."

"आंजर्लं आलं की सांगतो. झोपू नका."

"नाही झोपत."

अशा दोघांच्या फेऱ्या. मी कधी डबा खाता खाता मध्ये आलो तर अप्पा मलाही मागे उभं न राहण्याबद्दल दटावायचे. तास दीड तास चालून ते दमायचे, निवांत व्हायचे, आणि रात्री शांत झोपायचे. बापाला बंद खोलीत फिरायला मिळावं म्हणून ती आरसा घासते, की आरशासाठी बापाला फिरवते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिलाही कळलं असेल असं वाटत नाही.

मध्येच एकदा कुवेतहून सुट्टीवर आलेले एक गृहस्थ नवी कोरी दुर्बीण घेऊन आले. मोबाईलवर नाव दाबलं की ती आपोआप शनीकडे वळते, फोटो काढते, धूसर फोटो स्वच्छही करते. एका पावसाळ्यात आतल्या काचेवर बुरशी चढली होती. आपल्या हवेला शनीचं काय कौतुक!

"हिचा आरसा कुणी घासलाय?" तिने विचारलं.

"मशीनने. हाताने कोण घासतं हल्ली?"

"मग मशीनलाच विचारा ना बुरशी कशी जाते ती," असं म्हणत तिने ती तासाभरात लख्ख करून दिली. ते गेल्यावर मात्र म्हणाली, "मशीनचं काम चांगलं होतं हो. खोटं नव्हतं."

पावडर खरखरीत असते तोवर आवाज मोठा. मग बारीक, आणखी बारीक, तसा आवाज कमी होत जातो. आरसा बरोबर झाला का हे बघायची तिची तऱ्हा भारी होती. खोलीत अंधार करायचा, टॉर्चच्या उजेडाचा एक बारीक ठिपका आरशावर सोडायचा आणि परत येणाऱ्या उजेडात दाढीच्या ब्लेडची धार सरकवायची. मग आरशावर सावल्या दिसतात. केसापेक्षा कितीतरी पटीने बारीक चढउतारही डोंगरदऱ्यांसारखे दिसतात. एकदा तिने मला आरशावर नुसता अंगठा टेकवायला लावला. त्या उबेने काच फुगली आणि तिथे टेकडी उभी राहिली. ती बसायला दहा मिनिटं लागली. "पुरता जमला की मेदूवडा दिसतो," ती म्हणायची. "मध्ये खळगा, भोवती गोल फुगवटा. बाकी काही नाही."

आरसा निम्म्याहून जास्त झाला होता तेव्हा एक सर आले. आरे-वारेच्या किनाऱ्यावर सहलीला आले होते आणि चष्म्याचा स्क्रू वाळूत हरवून बसले होते. मागच्या खोलीतला ड्रम बघून ते चष्मा विसरले. घाटावरच्या एका संस्थेत ते मोठ्या दुर्बिणींच्या आरशांचं काम करत. आता एवढ्या प्रचंड दुर्बिणी होतात, की एकसंध आरसा करताच येत नाही, म्हणाले. सहा कोनांचे शेकडो तुकडे शेजारी शेजारी लावतात आणि ते सगळे मिळून एक आरसा होतो. यंत्र घासतं, लेसर मोजतो. "पण लेसर काय सांगतोय ते नजरेने कळणारी माणसं लागतात हो. ती मिळत नाहीत."

तिने अंधार करून ब्लेड लावलं. सर दहा मिनिटं वाकून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हे कुणी केलंय?" आणि माझ्याकडे बघितलं. मला क्षणभर मोह झाला, पण मी बोट तिच्याकडे केलं.

"गणपतीनंतर आमच्याकडे नवी तुकडी सुरू होते," ते तिला म्हणाले. "सहा महिने शिकायचं, मग काम. तुमच्याकडे डिग्री नाही. पण हा पूर्ण करून घेऊन या. आमच्या यंत्रावर मोजू आणि कागद साहेबांपुढे ठेवू. हा आरसाच तुमची डिग्री."

त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

भावाला तिने माझ्यासमोरच फोन केला. तो डोंबिवलीला, नवराबायको दोघं नोकरी करणारी, घर चौथ्या मजल्यावर. वाईट माणूस नाही. सहा महिन्यांचं ऐकल्यावर तो म्हणाला, "इथे अप्पांना बघणार कोण गो? तू आहेस म्हणून तर आम्ही निर्धास्त आहोत." तिने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मला म्हणाली, "बघू. आधी आरसा तर होऊ दे."

शेवटचं काम राळेच्या थरावर गुलाबी पावडरीने चालतं. त्याला आवाजच नसतो. अप्पा चालता चालता थांबायला लागले, दाराकडे वळायला लागले. ती त्यांचा हात धरून फिरायची, एका हाताने घासायची. आणि श्रावणातल्या एका दुपारी तिने मला हाक मारली. "काका, या. बघा."

अंधारात मी वाकून बघितलं. मेदूवडा होता. इतका नीटस, की मला हसूच आलं. ती हसत नव्हती, रडत होती. आम्ही दोघं किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. बाहेर आलो तेव्हा अप्पांना बसवलेली दुकानातली खुर्ची रिकामी होती. अर्ध्या शटरखालून अप्पा गेले होते.

दोन तासांनी एका रिक्षावाल्याने त्यांना आणून सोडलं. भाट्याच्या पुलावर, भर वाहतुकीत, पुलाच्या मधोमध चालत होते. तिने त्यांना खुर्चीत बसवलं. मीच रागावलो, "अप्पा, न सांगता कुठे गेलात?"

"गाडी थांबली," अप्पा म्हणाले. "म्हणून उतरलो."

पुढचे पाच दिवस ती त्यांना दुपारीही कडीत ठेवून आली. अप्पा आतून दार बडवायचे. शेजारणीने दुकानात येऊन सांगितलं. सहाव्या दिवशी मी बाहेरचं काम आटपून तीनलाच परत आलो, तर शटरखालून खर्रखर्र ऐकू आली. मागे जाऊन बघितलं. ड्रमवरच्या काचेवर ऐंशी नंबरची, सगळ्यांत खरखरीत पावडर होती. वर आरसा पालथा होता. तिच्या हातांवर अप्पांचा एक हात होता, आणि दोघं फिरत होती.

मी ओरडलो. ती थांबली नाही. थांबून उपयोगही नव्हता. झालेला आरसा बिघडवायला तसल्या पावडरीची एक फेरी पुरते. दीड वर्षाचं काम होतं ते.

"अगो वेडे, मी दुसरी काच आणून दिली असती की! हीच कशाला?"

"दुसरी आणली असती, तर ही कपाटात राहिली असती काका," ती म्हणाली. "झालेली. रोज दिसली असती."

तुमच्यापासून काय लपवायचं? मला त्या क्षणी आधी हायसं वाटलं. ती आता कुठे जात नाही, दुकान चालेल, हे पहिलं मनात आलं. लाज त्यानंतर वाटली, आणि ती अजून वाटते. मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं, की दुपारचे अप्पांना मी सांभाळीन, सहा महिने कुणी बाई बघू, तू जा. म्हणता आलं असतं.

गणपती आठवड्यावर आले असताना सरांचा फोन आला. तिचे हात पावडरीने भरलेले होते. तिने नाव बघितलं आणि कोपराने फोन माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही घ्या. फुटला म्हणून सांगा."

मी सांगितलं. पलीकडे सर खरोखरच हळहळले. "अरेरे! कसा काय हो?"

"हातातून सुटला," मी म्हणालो.

ती अप्पांचे हात बादलीत धुवत होती, एकेक बोट वेगळं करून, आणि तिने वर बघितलं नाही.