सरकून बसणारा मालक

दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या हौशी मंडळाची तालीम चालायची. नाटक जुनं, तीन अंकी, श्रीमंत घरातलं. मला मालकाची भूमिका मिळाली होती. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच आणि नाटकात काम करणाराही पहिलाच. संवाद लवकर पाठ झाले. हालचाली बसवायला घेतल्या आणि तिथे मी अडलो.

पहिल्या अंकात मालक खुर्चीत पाय पसरून बसलाय. नोकर समोरून ये-जा करतो, मालक ढिम्म. एवढंच. पण नोकर जवळ आला की मी पाय आखडून घ्यायचो. कधी तर खुर्चीसकट सरकायचो.

“अरे, घर कुणाचं आहे?” आमच्या दिग्दर्शिका बाई ओरडायच्या.

“माझं.”

“मग त्याला वाट कसली देतोस?”

नोकराचं काम करणारे काका बँकेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, “बाई, मी नोकरीत होतो तेव्हा असा साहेब का नाही हो भेटला?”

सगळे हसले, मीही हसलो. पण रविवारपर्यंत जमलं नाही तर मालक दुसरा बघावा लागेल, असं बाईंनी बजावलं.

शनिवारी घरी जमिनीवर पाय पसरून, भिंतीला टेकून संवाद म्हणत होतो. आई कपड्यांची बादली घेऊन गॅलरीकडे निघाली आणि माझे पाय आपोआप पोटाशी आले. तिला ‘सरक रे’ म्हणावंही लागलं नाही. नायगावच्या चाळीत एका खोलीत पाच माणसं. माझे पाय लहानपणापासून हेच शिकलेत.

रविवारी बाईंना हे सांगितलं. सांगताना जरा लाजच वाटली. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“घरी तुला कुणीच हलवत नाही, असं कधी होतं?”

मी आठवून पाहिलं. “जेवताना. ताटावर बसलेल्याला आमच्याकडे उठवत नाहीत. बाकीचे वळसा घालून जातात.”

“खुर्ची काढा रे. सतरंजी घाला. मालक जेवतोय.”

“पण बाई, नाटकात तिथे जेवण नाही.”

“जेवू नये असंही लिहिलेलं नाही. बस.”

काकांच्या डब्यातली पोळी-भाजी माझ्यासमोर आली. काका अगदी गुडघ्याला घासून गेले. मी घास मोडून तोंडात घातला. मान वर केली नाही.

“मालक, सगळी संपवू नका, माझा डबा आहे,” ते जाता जाता पुटपुटले.

बाईंनी शाबासकी दिली नाही. नुसतं म्हणाल्या, “पुढचा प्रवेश. मालक, उजवीकडून ये.”

तेव्हा कुठे तो घास घशाखाली उतरला.